पंचाचे कपडे कुणाच्याच बाजूचे नसतात

गटाच्या सगळ्या ताई, काकी, आक्का आणि भाकरी थापता थापता रेडिओ ऐकणाऱ्या पोरींनो, आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील. आज आपण कपड्यांवर बोलणार आहोत, पण साडी-ब्लाउजवर नाही. फुटबॉलच्या मैदानात शिट्टी घेऊन पळणाऱ्या पंचाच्या कपड्यांवर. "आमच्या गटाचा आणि ह्याचा काय संबंध?" असं कुणी म्हणेल. जरा दम धरा, संबंध आहे आणि तो चांगला जवळचा आहे.

कोल्हापूर म्हटलं की लोकांना कुस्ती आठवते. पण थंडी पडायला लागली की पार उन्हाळ्यापर्यंत शहरात चर्चा असते ती फुटबॉलची. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचे सामने छत्रपती शाहू स्टेडियमवर होतात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावं शहरातल्या पोराटोरांच्या तोंडात असतात. यातल्या कितीतरी संघांच्या नावात 'तालीम' आहे. म्हणजे जिथं पैलवान घडत होते, त्याच तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले. त्यामुळं सामना दोन संघांचा असला तरी ईर्षा दोन पेठांची असते. गॅलरी भरलेली, हलगी वाजतेय, दोन्हीकडून ओरडा चाललाय, आणि त्या सगळ्याच्या मध्ये एक माणूस असा, की जो कुठल्याच पेठेचा नाही. निदान त्या दीड-दोन तासांपुरता तरी नाही. त्याचं घर कुठल्या पेठेत आहे हे गॅलरीतल्या अर्ध्या लोकांना ठाऊक असतं. तरी शिट्टी वाजली की बावीस खेळाडूंनी थांबायचं असतं.

ते थांबतात का, तर त्याच्या निर्णयामुळं. पण निर्णयाच्या आधी एक गोष्ट घडलेली असते. तो पंच आहे हे सगळ्यांना एका नजरेत दिसलेलं असतं. हे काम कपडे करतात.

फुटबॉलचे जगभर एकच सतरा नियम आहेत. त्यातला चौथा नियम पोशाखाचा. त्यात सांगितलंय की दोन्ही संघांचे रंग एकमेकांपासून वेगळे पाहिजेत आणि पंचांपासूनही वेगळे पाहिजेत. गोलरक्षकाचा रंग तर बाकी सगळ्यांपासून वेगळा. कारण साधं आहे. चेंडू पायात आल्यावर खेळाडूला मान वर करून बघायला फार वेळ नसतो. डोळ्याच्या कोपऱ्यातून जो रंग दिसेल त्याच्याकडं तो चेंडू देतो. पंचाचा शर्ट आपल्याच संघासारखा दिसला तर चेंडू थेट पंचाकडं जायचा!

रंगाचा घोळ मोठमोठ्या सामन्यांतसुद्धा झालाय. 1978 साली अर्जेंटिनात विश्वचषक चालू होता. फ्रान्स आणि हंगेरी हे दोन्ही संघ पांढरे शर्ट घालूनच मैदानावर आले. आता काय करायचं? शेवटी तिथल्याच एका स्थानिक क्लबाचे हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचे शर्ट मागून आणले आणि फ्रान्सचे खेळाडू ते घालून विश्वचषकाचा सामना खेळले. लग्नात करवलीनं शेजारणीची साडी नेसावी, तसला प्रकार.

पंचाचा इतिहास आपल्या गावच्या पंचायतीसारखाच आहे. इंग्लंडमध्ये हा खेळ नवा होता तेव्हा प्रत्येक संघ आपापला एक पंच घेऊन यायचा. तुमचा एक, आमचा एक. त्या दोघांचं जमलं नाही की मैदानाबाहेर बसलेल्या तिसऱ्या माणसाकडं वाद सोपवायचा. ज्याच्याकडं वाद सोपवतात तो 'रेफरी', असा त्या शब्दाचा अर्थ आहे. मग 1891 साली त्या तिसऱ्या माणसालाच मैदानाच्या आत आणलं आणि दोन बाजूंची दोन माणसं रेषेवर गेली. तुमच्या-आमच्या माणसांनी न्याय होत नाही, दोघांचाही नसलेला माणूस पाहिजे, हे त्यांना तेव्हा पटलं. आपल्या भावकीत अजून किती ठिकाणी पटायचंय ते सोडा.

सुरुवातीला हे पंच अगदी साहेबासारखे कोट घालून यायचे. 1930 साली उरुग्वेत पहिला विश्वचषक झाला. त्याच्या अंतिम सामन्याचे पंच होते बेल्जियमचे जॉन लँगेनस. त्यांचा फोटो बघा, अंगात कोट, गळ्यात टाय आणि गुडघ्याखाली आवळलेली विजार. त्या कपड्यात पळणं सोपं नसणार, पण हा माणूस खेळायला आलेला नाही एवढं लांबून कळत होतं. पुढं कोट गेला आणि काळा शर्ट, काळी हाफ पँट आली. बहुतेक संघ काळा रंग वापरत नव्हते, म्हणून पंचाला काळा सोयीचा पडला. कितीतरी वर्षं 'काळ्या कपड्यातला माणूस' म्हणजे पंच हीच ओळख होती. 1994 च्या अमेरिकेतल्या विश्वचषकात पंचांना काळ्याऐवजी दुसऱ्या रंगांचे शर्ट दिले. आता मोठ्या सामन्यांचे पंच पिशवीत दोन-तीन रंगांचे शर्ट घेऊनच येतात. संघ कुठल्या रंगात येतील ते बघायचं, मग आपला रंग ठरवायचा.

कुस्तीतली गोष्ट तर तुम्ही डोळ्यांनी बघितली असेल. मॅटवरच्या कुस्तीत एक पैलवान लाल पोशाखात असतो, दुसरा निळ्या. पंचाच्या एका मनगटावर लाल पट्टी असते आणि दुसऱ्यावर निळी. ज्याला गुण मिळाला त्या रंगाचा हात वर. दोघांचेही रंग अंगावर आहेत, म्हणजे तो दोघांचा आहे आणि कुणाचाच नाही. खासबाग मैदानात मातीच्या कुस्तीला फेटा बांधून उभे राहणारे जुने वस्ताद पंच वेगळे. त्यांना पोशाखाची गरज कमी पडते, कारण माणूसच सगळ्यांच्या ओळखीचा असतो. ओळख नसलेल्या माणसाला मात्र पोशाख लागतोच. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं आपल्या कामाचा आहे.

पंचाच्या अंगावर काय काय असतं तेही सांगतो. शर्टाला छातीवर खिसे. एका खिशात वही आणि पिवळं कार्ड, लाल कार्ड बहुतेकजण वेगळ्या खिशात ठेवतात. कितीतरी पंच ते हाफ पँटच्या मागच्या खिशात ठेवतात. गडबडीत पिवळ्याऐवजी लाल निघालं तर केवढा अनर्थ! हातात शिट्टी, मनगटावर घड्याळ. अनेकजण दोन घड्याळं बांधतात, एक बंद पडलं तर दुसरं. खिशात नाणेफेकीचं नाणं आणि पेन्सिल. मोज्यांपासून बुटापर्यंत सगळं एकसारखं, आणि शर्ट आत खोचलेला.

या कार्डांची गोष्ट बायकांनी तर ऐकलीच पाहिजे. 1966 च्या विश्वचषकात लंडनमध्ये इंग्लंड आणि अर्जेंटिना यांचा सामना होता. पंच जर्मन होते. त्यांनी अर्जेंटिनाच्या कप्तानाला, रत्तीनला, मैदानाबाहेर जायला सांगितलं. पंचाला स्पॅनिश येत नाही, कप्तानाला जर्मन येत नाही. तो बाहेर जाईना. बराच वेळ खेळ थांबला. त्या स्पर्धेत पंचांचे प्रमुख होते केन अॅस्टन. पेशानं शाळामास्तर. नंतर गाडीतून घरी जाताना ते सिग्नलला थांबले आणि त्यांच्या डोक्यात आलं, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे थांब. याला भाषा लागत नाही. घरी येऊन त्यांनी ही कल्पना बायकोला, हिल्डाबाईंना सांगितली. सांगतात की त्या आतल्या खोलीत गेल्या आणि रंगीत कागदाची दोन कार्डं कापून घेऊन आल्या, बरोबर नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात बसतील अशा मापाची. 1970 च्या मेक्सिकोतल्या विश्वचषकापासून कार्डं सुरू झाली. आज सगळं जग ज्या कार्डाला घाबरतं, त्याचं पहिलं माप एका बाईनं खिसा बघून काढलं. शिवणकाम करणाऱ्या आपल्या बायकांना याचं नवल वाटणार नाही.

आता नीटनेटकेपणाचा मुद्दा. काही लोक म्हणतात, पंचाला नियम आले पाहिजेत, कपड्यांचं काय एवढं! आमचं मत थोडं वेगळं आहे. सामना सुरू व्हायच्या आधी पंचानं अजून एकही निर्णय दिलेला नसतो. तो चांगला की वाईट हे कुणालाच माहीत नसतं. मग खेळाडू आणि प्रेक्षक त्याला कशावरून जोखतात? तो कसा आला यावरून. शर्ट चुरगळलेला, पँट एका रंगाची, मोजे दुसऱ्या, शिट्टी शोधतोय, घड्याळ मागून घेतोय, असा पंच दिसला की खेळाडू मनात म्हणतात, ह्याला आज आपण गुंडाळणार. मग पहिल्या पाच मिनिटांतच हुज्जत सुरू होते. तोच पंच इस्त्रीचे कपडे घालून, दोघा सहायकांना बरोबर घेऊन, एका रांगेत मैदानात आला, कप्तानांशी हात मिळवला, जाळी तपासली, तर निदान पहिल्या निर्णयापुरता तरी त्याला मान मिळतो.

फक्त पहिल्या निर्णयापुरताच, बरं का. कपड्यांची उधारी तेवढीच. पुढं तो खेळाच्या जवळ पळत राहिला पाहिजे. मोठ्या सामन्यात पंच दहा-अकरा किलोमीटर पळतो. लांब उभं राहून फाऊल दिला तर कितीही कडक इस्त्री असली तरी लोक ऐकत नाहीत. चुकीचा निर्णय कुठल्याच शर्टाखाली झाकत नाही. म्हणून कपड्यांनाच सगळं मानणारे आणि कपड्यांना काहीच न मानणारे, दोघंही आम्हाला अर्धवट वाटतात.

आता आपल्या पोरींकडं येऊ. आमच्या एका गटातल्या ताईंची मुलगी शाळेच्या संघातून फुटबॉल खेळते. तिच्या सरांनी सुचवलं की तू पंचाची परीक्षा दे. नियमांचा पेपर असतो, पळण्याची चाचणी असते, मग लहान सामन्यांपासून सुरुवात. सामन्यामागं मानधनही मिळतं. पोरगी हरखली. घरात मात्र वाद कशावरून झाला? परीक्षेवरून नाही, पळण्यावरून नाही. "हाफ पँट घालून साऱ्या गावासमोर पळणार व्हय?" यावरून. आणि आजीचा दुसरा प्रश्न, "उद्या लगीन झाल्यावर मंगळसूत्राचं काय?"

दोन्ही प्रश्न खरे आहेत. त्यांना हसण्यावारी न्यायचं कारण नाही. नियम काय सांगतो ते आधी बघू. मैदानात खेळाडूंना आणि पंचांना दागिने चालत नाहीत. खेळाडूंना वर चिकटपट्टी लावून झाकायलाही परवानगी नाही. पंचाला घड्याळ तेवढं चालतं. यात धर्माचा किंवा नवऱ्याचा काही संबंध नाही. पळताना धडक झाली तर गळ्यातली साखळी कापते, अंगठी दुसऱ्याच्या जर्सीत अडकून बोट जातं. कारखान्यात यंत्रावर काम करणाऱ्या बायका बांगड्या काढून डब्यात ठेवतात, ऑपरेशनच्या खोलीत नर्सताई हातात काही ठेवत नाहीत, तसंच हे. घरी आल्यावर पुन्हा घालायचं.

पायांबद्दल सांगायचं तर हाफ पँटच्या आत त्याच रंगाची लांब, घट्ट विजार घालायची सोय खेळाडूंच्या नियमात आहे. डोकं झाकायलाही 2014 पासून परवानगी आहे. 2023 च्या महिला विश्वचषकात हेबा सादिया नावाच्या पॅलेस्टाईनच्या बाई हिजाब घालून सहायक पंच म्हणून उभ्या होत्या. म्हणजे पोशाखाचा नियम वाटतो तेवढा आडमुठा नाही. बायकांनी मागितलं आणि तो थोडाथोडा सैल झाला. त्याच वर्षी इंग्लंडच्या महिला संघानं पांढऱ्या हाफ पँट सोडून निळ्या घेतल्या. कारण पाळीचं. पांढऱ्या कपड्यात डाग पडेल या धास्तीनं खेळावरचं लक्ष उडतं, हे खेळाडूंनी उघड सांगितलं. विम्बल्डनसारख्या पांढऱ्या कपड्यांचा हट्ट धरणाऱ्या टेनिस स्पर्धेनंही त्या वर्षी महिलांना आतून गडद रंगाची चड्डी घालायला परवानगी दिली. आपल्याकडं शाळेच्या गणवेशात मुलींना पांढरी सलवार असते तिथं या गोष्टीवर कुणी बोलतं का, हे पालक सभेत विचारायला हरकत नाही.

शब्दसुद्धा बदलले. रेषेवर झेंडा घेऊन उभ्या असणाऱ्याला पूर्वी 'लाइन्समन' म्हणायचे. मन म्हणजे पुरुष. 1996 साली ते नाव काढून 'सहायक पंच' केलं, म्हणजे बाईलाही ते नाव लागू झालं.

बायका आल्या कुठवर, तेही ऐका. 2017 साली सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक आपल्या देशात झाला. भारताच्या संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्याच स्पर्धेत कोलकात्याला जपान आणि न्यू कॅलेडोनिया यांच्या सामन्यात स्वित्झर्लंडच्या एस्थर स्टाउब्ली पंच होत्या. पुरुषांच्या जागतिक स्पर्धेत बाईनं मुख्य पंच व्हायची ती पहिली वेळ, आणि ती आपल्या देशात. त्याच्या आदल्या वर्षी, 2016 ला, गोव्याच्या उवेना फर्नांडिस जॉर्डनमध्ये मुलींच्या विश्वचषकात पंचांच्या चमूत होत्या. मग 1 डिसेंबर 2022 ला कतारमध्ये जर्मनी आणि कोस्टा रिका यांच्या सामन्यात फ्रान्सच्या स्तेफनी फ्रापार मुख्य पंच, आणि रेषेवर ब्राझीलच्या नेउझा बॅक आणि मेक्सिकोच्या कारेन दियाझ. पुरुषांचा मोठा विश्वचषक आणि मैदानात तिन्ही पंच बायका! त्यांच्या अंगावर पुरुष पंचांसारखाच पोशाख होता. तो वेगळा, गुलाबी वगैरे नव्हता, हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. अधिकार तोच, तर कपडेही तेच.

आता गटाचा संबंध. आपल्या गटांची एकसारखी साडी असते. मेळाव्याला, बँकेत, पंचायत समितीत आपण ती नेसून जातो. छान दिसतं आणि ताकदही वाटते. ती साडी सांगते की आम्ही सगळ्या एक आहोत. पंचाचा पोशाख बरोबर उलटं सांगतो की मी कुणाच्यातलीच नाही. या दोन्हींची गरज वेगवेगळ्या वेळी असते, आणि आपली तिथंच गफलत होते. गटाच्या हिशेबावरून दोघींत वाद झाला आणि तो मिटवायला ग्रामसंघाची बाई आली, तर तिनं त्याच गटाची साडी नेसून, त्यातल्याच एकीच्या घरी चहा पिऊन, तिच्याच शेजारी बसून निवाडा करू नये. निवाडा कितीही खरा असला तरी दुसरी म्हणणार, ती त्यांचीच. तंटामुक्ती समितीत बसणाऱ्या ताईंनाही हेच लागू. पक्षाच्या रंगाचा पदर, कुणाच्या तरी वाढदिवसाची टोपी, नेत्याचा फोटो असलेली पिशवी, हे त्या दिवशी घरी ठेवावं. कुणी ओळखपत्र दिलं असेल तर गळ्यात घालावं. बसायचं मधे, बोलायचं दोघींशी सारखं. ओळखीची वस्ताद मंडळी फेट्यावर चालून जातात, पण नव्यानं पुढं आलेल्या बाईला लोक आधी बघतात आणि मग ऐकतात. हे योग्य आहे असं आमचं म्हणणं नाही, पण आहे खरं.

आणि ज्या गटांकडं शिलाई मशिनी आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट. शाळेचे गणवेश शिवायचं काम आपल्या कितीतरी बायकांनी केलंय. तालुक्याच्या शालेय सामन्यांत पंच म्हणून उभे राहणारे क्रीडाशिक्षक पुष्कळदा घरच्या टी-शर्टवरच शिट्टी वाजवतात. बाई असतील तर अजून अडचण, कारण बाजारात मिळणारा पंचाचा शर्ट पुरुषाच्या मापाचा, खांद्याला ढगळ आणि कमरेला घट्ट. काळा आणि पिवळा असे दोन रंग, घाम सुकणारं जाळीदार कापड, कॉलर, बाईच्या मापाचा खांदा, हाफ पँट गुडघ्यापर्यंत आणि तिला मागं एक खिसा. छातीचे खिसे झाकणाचे, चिकटपट्टीचे, म्हणजे पळताना कार्ड पडत नाही. कार्ड साधारण खेळायच्या पत्त्याएवढं असतं. खिसा त्यापेक्षा बोटभर मोठा पाहिजे, कारण काढताना दोन बोटं आत जावी लागतात. आधी एक नमुना शिवा, शाळेच्या सरांना नाही तर बाईंना घालायला द्या, पळून बघायला सांगा, मग बाकीचं कापड कापा.

हंगाम सुरू झाला की गटाच्या कामाला कोल्हापुरात गेलेल्या बायकांनी एकदा शाहू स्टेडियमवर डोकावून यावं. दहा मिनिटं चेंडूकडं बघू नका, फक्त पंचाकडं बघा. तो कुठं उभा राहतो, शिट्टी कधी वाजवतो, कार्ड कुठल्या खिशातून काढतो आणि खेळाडू अंगावर आला की किती पावलं मागं सरतो. पुढच्या महिन्याच्या बैठकीत काय दिसलं ते सांगा. नमुना शिवला असेल तर तोही घेऊन या.